भासऱ्यांची नाव आणि तिच्यावरचं सामान

जगात जी वस्तू वाजते, उजळते किंवा नुसती गरगर फिरते, ती नावेवर बसवता येतेच, अशी माझ्या भासऱ्यांची पक्की खात्री होती. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमचं गाव औंढ्यापासून फार लांब नाही, अगदी धरणाच्या काठावर, आणि गावातली निम्मी घरं धरणातल्या मासळीवर जगणारी. बाकीच्यांच्या पत्र्याच्या नावेत जाळं, वल्हं, आत आलेलं पाणी उपसायचा डबा आणि भाकरीचं फडकं एवढंच असायचं. भासऱ्यांच्या नावेतही हे सगळं असायचं, फक्त ते शोधावं लागायचं. नावेच्या बरोबर मध्यभागी त्यांनी एका मोडीत निघालेल्या ट्रकचा डॅशबोर्ड लोखंडी पेटीवर नटबोल्टांनी कसून उभा केला होता. त्याला स्टेअरिंगही होतं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. तरी वळायचं असलं की भासरे आधी ते दोन्ही हातांनी फिरवायचे, मग मागं जाऊन निमूटपणे वल्हं मारायचे आणि नाव त्या बाजूला न्यायचे, जणू स्टेअरिंगनं दिलेला शब्द त्यांना पाळायचा होता. डॅशबोर्डात टेप होता, त्याचे दोन भोंगे नावेच्या दोन टोकांना. पुढं हॉर्न. कडेनं लाल-हिरव्या दिव्यांची माळ. नाव मागं घेतली की गाडीसारखं टुंईटुंई वाजणारं एक यंत्रही त्यांनी मिळवलं होतं, पण नाव मागं चाललीय हे त्या यंत्राला कळायची सोय नसल्यामुळं त्याचं बटण त्यांना स्वतःच दाबावं लागायचं. या सगळ्याला वीज पुरवणारी ट्रकची बॅटरी एका कडेला होती, आणि तिच्या वजनानं नाव कलायला लागली म्हणून दुसऱ्या कडेला तेवढाच जड धोंडा. मासे ठेवायला जागा उरली नव्हती. पण भोंगे सुरू असताना मासे फारसे मिळतही नव्हते, त्यामुळं ते बराबर जमून जायचं. सासूबाई म्हणायच्या, "समद्याइच्या नावेत मासे येतात, माझ्या लेकाच्या नावेत वरात येती."

ही गोष्ट नव्वद सालानंतरची. सामान निवडणं हा भासऱ्यांचा खरा सण असायचा. त्यासाठी ते वारंगा फाट्याला जायचे, तिथं ट्रकांची वायरिंग करणाऱ्या एका मिस्त्रीच्या टपरीसमोर बाकड्यावर बसायचे आणि दिवस मावळेपर्यंत उठायचे नाहीत. आमचे हे एकदा त्यांच्यासोबत गेले होते, त्यांनी येऊन सांगितलं. भासऱ्यांनी डोळे मिटून टपरीतले सगळे हॉर्न एकेक करून ऐकले. एकाला म्हणाले, "हा लई रागीट हाय." दुसऱ्याला म्हणाले, "हा रडका." मिस्त्री वैतागून म्हणाला, "चाचा, धरन में सामने से कौन आनेवाला है? मच्छी से साइड मांगोगे क्या?" भासरे डोळे न उघडता म्हणाले, "मच्छीला न्हाई लावायचा. घरच्याइला चांगलं वाटलं पायजे." मग एक बारीक, गोड आवाजाचा हॉर्न त्यांना पसंत पडला. "हा बोलावून राहिला," म्हणाले, आणि तोच घेतला.

घरच्याइला म्हणजे माझ्या जाऊबाईंना. आमच्याकडं जाळं टाकायला नवरा-बायको जोडीनं जातात. बाई वल्हं धरून नाव एका जागी राखते, माणूस जाळं सोडतो. मीही आमच्या यांच्यासोबत जायची. भासरे मात्र एकटेच जायचे. वल्हं काखेत धरून, एका हातानं जाळं सोडत, तोल सांभाळत. जाऊबाई लग्नानंतर एकदाच नावेत बसल्या होत्या, आणि उतरल्या त्या पुन्हा चढल्या नाहीत. काठापर्यंत यायच्या, भाकरी द्यायच्या, ओल्या मातीला पाय लागला की मागं सरायच्या. त्यांनी एकदा तरी नावेत बसावं, एवढ्याच एका गोष्टीसाठी हा सगळा बाजार मांडलेला होता. जाऊबाईंना गाणी आवडतात म्हणून टेप. त्यांना अंधार आवडत नाही म्हणून दिव्यांची माळ. त्यांना उकडतं म्हणून एसटीतला असतो तसला पंखा. दर नवी वस्तू बसवली की भासरे अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून काठावर उभे राहायचे आणि म्हणायचे, "अगं ए, बघ तरी बसून." जाऊबाई लांबूनच बघायच्या. "चांगलं दिसून राहिलं," म्हणायच्या, आणि माघारी यायच्या. भासरे तसेच नावेत चढायचे, गाणी लावायचे आणि एकटेच आत जायचे. पाण्यावरून गाणं लांबपर्यंत ऐकू यायचं.

आता या सगळ्यात माझा काय संबंध, तर सामानाच्या निवडीत माझा सल्ला घेतला जायचा. आणि सल्ला घेणारे भासरे माझ्याशी एक शब्दही बोलायचे नाहीत. आमच्यात भासऱ्यानं धाकट्या भावजयीशी बोलायचं नसतं. भावजयीनं तर त्यांच्यासमोर तोंडावरचा पदर हलू द्यायचा नाही. ते अंगणात शिरायच्या आधी बाहेर खोकायचे, मी आत सरकायची. मी तर तशीही कमी बोलणारी, त्यामुळं मला ती रीत कधी जड गेली नाही. पण त्यांना बायकोच्या मनातलं काढून घ्यायचं असायचं, आणि दिवसभर जाऊबाईंसोबत मीच असायची. म्हणून ते शेळीला विचारायचे. अंगणात खुंट्याला शेळी बांधलेली असायची. तिच्यापुढं उकिडवे बसून ते म्हणायचे, "काय गं शेळे, बायामाणसाला कोणची गाणी आवडतात? भजनं का शिनेमातली?" मी दाराआड निवडायला घेतलेल्या सुपाला सांगायची, "सुपा, दळताना तर त्या जात्यावरचीच म्हणतात बापा." भासरे शेळीला म्हणायचे, "आसं व्हय," आणि तिच्या पाठीवर थाप मारून निघून जायचे. शेळीला त्या काळात फार मान होता. जाऊबाई हसायच्या, म्हणायच्या, "आवो, शेळीनं काय सांगितलं ते मला बी सांगा की."

एकदा मात्र घोटाळा झाला. ते शेळीला विचारत होते, "हा पंखा पुढं बसवावा का मागं?" नेमकी तेव्हाच माझ्या वाळत घातलेल्या डाळीवर कोंबडी आली. मी तिला म्हणाले, "मागं हो, मागं हो, मेले." भासऱ्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि पंखा नावेच्या मागच्या टोकाला नेऊन बसवला. तिथं ओली जाळी ठेवलेली असायची. त्या जाळ्यांचा सगळा वास पंखा पुढं फेकायचा, नेमका जाऊबाईंसाठी राखलेल्या फळीवर. तो तसाच राहिला. शेळीचा शब्द भासऱ्यांनी कधी मोडला नाही.

जाऊबाई नावेत का बसत नाहीत हे मला ठाऊक होतं. एकदा कपडे धुताना त्यांनीच सांगितलं. त्यांचं माहेर सेनगावाकडच्या माळावरचं, नदी-नाला काही नसलेलं. त्यांचे वडील विहिरी खोदायच्या कामावर जायचे. पाणी म्हणजे विहीर, आणि विहिरीत दोर सोडला की किती परस पाणी आहे ते कळतं, अशा घरात त्या वाढलेल्या. परस म्हणजे उभा माणूस बुडेल एवढं, सहा फूट. "लग्न झालं आन् हे मला नावेत घेऊन गेले," त्या म्हणाल्या. "मधी गेल्यावर मी इचारलं, खाली किती परस हाय? तर हे हसले. म्हणले, याला तळच न्हाई. तवापासून पाय टाकला की तेच आठवतंय मला. तळ न्हाई म्हणजे माणूस जाईल तरी कुठवर?"

मी म्हणाले, "बाई, थट्टा केली असंल त्यांनी."

"ठाऊक हाय मला. म्हणून तर सांगता येईना. एवढी मोठी बाई थट्टेला भेली म्हणून हसतील ना."

म्हणजे भासरे इतकी वर्षं टेप, दिवे, पंखे बसवत होते ते स्वतःच्याच एका वाक्याला उत्तर म्हणून, आणि ते वाक्य त्यांना आठवतही नव्हतं. मी आमच्या यांना म्हणाले, तुम्ही सांगा भावाला. ते म्हणाले, "नवरा-बायकोच्या मधलं भावानं काहून बोलावं?" तेही खरंच होतं. आणि शेळीला सांगावी अशी ही गोष्ट नव्हती. मग ती तशीच राहून गेली.

पुढं एका पावसाळ्याच्या शेवटी भासरे सकाळी उशिरापर्यंत आलेच नाहीत. आले तेव्हा डोक्यापासून भिजलेले, आणि ओठ निळे पडलेले. जाऊबाई रानात गेल्या होत्या. ते अंगणात आले, खोकायचंही विसरले, आणि शेळीपुढं मटकन बसले. तिला म्हणाले, "पाय जाळ्यात अडकला व्हता. वल्हं बी हातातून गेलं. मधी कोणी धरायला असतं तर." मग म्हणाले, "घरात बोलू नको बरं का." शेळी त्यांच्या ओल्या सदऱ्याची बाही चघळत होती. मग त्यांनी नेहमीसारखंच विचारलं, पण आवाज बसला होता. "शेळे, आता काय राहिलं गं लावायचं?"

मी सूप खाली ठेवलं आणि उंबऱ्यात आले. पदर तोंडावर ओढलेलाच होता. त्यांना हाक मारायला माझ्याकडं शब्दच नव्हता, कारण कधी हाक मारलीच नव्हती. म्हणून तशीच म्हणाले, "काही लावू नका. तळ न्हाई म्हणला व्हता तुमी. पहिल्या बारीला. त्याचंच भ्या हाय त्याइला."

ते माझ्याकडं बघत नव्हते, मीही नाही. मी चौकट धरली. मग सवयीनं शेळीलाच म्हणाले, "आसं व्हय." आणि उठून बाहेर गेले.

रात्री जेवताना त्यांनी जाऊबाईंना सांगून पाहिलं, "धरणाला तळ हाय बरं का." जाऊबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुमचं काय खरं? परवा वासराएवढा मासा सुटला म्हणत व्हता." दुसऱ्या दिवशी ते मधे जाऊन धोंडा बांधलेला दोर सोडून आले आणि ओला दोर त्यांच्यापुढं टाकला. "हे बघ, एवढं पाणी." जाऊबाईंनी दोर हातात घेऊन बघितला. "नाव हलती ना? मग दोर तिरपा गेला असंल. आन् ओला तर बादलीत बी होतोय." विहिरी खोदणाऱ्याच्या लेकीपुढं दोराचं काही चालणार नव्हतं. भासरे माघार घेऊन बसले, पण मी पाहिलं, त्यांच्या डोळ्यांत पुन्हा ती चमक आली होती. एखादी नवी वस्तू बसवायची आहे म्हटल्यावर यायची ती.

ते यंत्र मिळायला दोन हजार साल उलटून गेलं. धरणातली मासळी घ्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्यानं मुंबईच्या बंदरातल्या मोडीत निघालेल्या बोटीवरून ते आणलं. डब्याएवढी पेटी, तिला काच, आणि लांब वायरीच्या टोकाला लोट्याच्या आकाराचा एक गोळा. गोळा पाण्यात ठेवला की तो तळापर्यंत आवाज सोडतो, आवाज परत येतो आणि काचेवर खोलीचे फूट उमटतात, असं टेम्पोवाला म्हणाला. त्या बदल्यात भासऱ्यांनी त्याला टेप, दोन्ही भोंगे आणि तो बोलावणारा हॉर्न देऊन टाकला. एका बॅटरीवर सगळं चालणार नव्हतंच. दिव्यांची माळ आणि पंखा त्यांनी आपल्या हातानं उतरवला. शेवटी डॅशबोर्डही काढला, खालची लोखंडी पेटी तेवढी राहिली. मी काठावरून बघत होते. स्टेअरिंग काढताना त्यांनी ते एकदा डावीकडं आणि एकदा उजवीकडं फिरवलं, मग पाना लावला.

यंत्र नावेवर बसवणं सोपं नव्हतं. गोळा नावेच्या आत तळाला चिकटवला तर काचेवर काहीच येईना. कडेला बाहेरून बांधला तर वल्ह्यानं उठलेले बुडबुडे त्याच्याखालून जायचे आणि आकडा पळून जायचा. मग त्यांनी सरळ बांबू घेतला, त्याच्या टोकाला गोळा बांधला आणि तो वल्ह्यापासून दूर, पुढच्या कडेला, पाण्यात हातभर खोल उभा कसला. यंत्राची पेटी डाव्या तोंडानं ठेवावी की उजव्या, यावर दोन दिवस गेले. ऊन पडलं की काच दिसायची नाही, म्हणून तेलाचा पत्र्याचा डबा कापून तिला टोपरं केलं, लेकराला करतात तसं. आणि काचेचं तोंड त्यांनी स्वतःकडं ठेवलंच नाही. ते ठेवलं जाऊबाईंच्या फळीकडं.

तरी जाऊबाई म्हणाल्या, "मशीन खरं बोलतं कशावरून?" त्याचं उत्तरही जाऊबाईंनीच काढलं. "आधी आपल्या विहिरीत सोडा. तिचं माप मला ठाऊक हाय."

झालं. नावेवरून सगळं पुन्हा सोडवलं आणि बॅटरीसकट विहिरीवर आणलं. निम्मं गाव गोळा झालं. कोणी म्हणालं, "विहिरीत बोट चालवता का आता?" भासऱ्यांनी बांबू धरून गोळा पाण्यात सोडला. काचेवर आकडा आला. जाऊबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. भासरे वाचायला वाकले तशा त्या म्हणाल्या, "तुमी नका. तुमी काही बी सांगता. ती वाचंल." ती म्हणजे मी. मी चौथीपर्यंत शिकलेली, आणि इंग्रजी आकडे एसटीच्या नंबरच्या पाट्यांवरून ओळखू लागलेली. एवढ्या माणसांत, भासऱ्यांपुढं, मला मोठ्यानं बोलायचं होतं. मी पदराआडून म्हणाले, "अठरा."

"परसात सांग."

"तीन परस."

जाऊबाईंनी आपला दोर सोडला, ओढला, हातानं मापला. पुन्हा मापला. "तीनच हाय," म्हणाल्या. भासऱ्यांनी कोणाकडंच बघितलं नाही. गोळा बाहेर काढून ते तो धोतराच्या सोग्यानं हळूहळू पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं नावेत बसलो. भासरे मागं वल्ह्यापाशी, जाऊबाई फळीवर, आणि वाचायला म्हणून मी त्यांच्याशेजारी. भासऱ्यांच्या नावेत भावजय बसलेली कोणी पाहिली नव्हती. पण सासूबाईंनीच म्हटलं, "जाऊ दे. रीत काठावर ठेवा, येताना घ्या." जाऊबाईंनी माझं मनगट धरलं होतं. नाव सुटली. मी वाचत होते. एक परस. दीड. तीन. "आपल्या विहिरीएवढं," त्या पुटपुटल्या. मग चार झाले, मग पाच. त्यांची बोटं माझ्या बांगड्यांवर रुतत गेली. मधोमध आल्यावर काचेवर अठ्ठेचाळीस उमटले. मी मनात सहाचा हिशेब केला.

"किती?"

"आठ परस."

मागं वल्हं थांबलं. नाव नुसती तरंगत होती. भासरे आता ती परत वळवतील असं मला वाटलं. पण त्यांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. जाऊबाईंनी कडेवरून खाली पाहिलं. पाणी हिरवं, काही दिसत नव्हतं.

"आठ," त्या म्हणाल्या. "म्हणजे तळ हाय." आणि माझा हात सोडून मागं न वळता म्हणाल्या, "चाला मग. थांबला काहून?"

त्यानंतर ती दोघं जोडीनं जाऊ लागली. जाऊबाई वल्हं धरायला लवकर शिकल्या, आणि भासऱ्यांना जाळं कसं सोडावं हेही शिकवू लागल्या. मासे भरपूर यायचे, कारण आता ठेवायला जागाही होती. यंत्र दोन पावसाळे चाललं. मग काचेत पाणी शिरलं आणि आकडे दिसेनासे झाले. मला वाटलं, आता पुन्हा फाट्याच्या फेऱ्या सुरू होणार. पण भासऱ्यांनी ते दुरुस्तीला नेलं नाही, आणि जाऊबाईंनीही न्या म्हटलं नाही. मी आमच्या नावेतून जवळून गेले की ऐकू यायचं. जाऊबाई विचारायच्या, "इथं किती?" भासरे पाण्याकडं बघून म्हणायचे, "सात असंल." त्या बरं म्हणून वल्हं मारायच्या.

भासरे गेले त्याला आता काही वर्षं झाली. बसल्या बसल्या गेले, तकलीफ झाली नाही. नाव विकली. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावी लग्न होतं, म्हणून आम्ही दोघी जावा दुसऱ्याच्या नावेतून निघालो. मधे गेल्यावर जाऊबाईंनी हात पाण्यात सोडला आणि विचारलं, "किती असंल गं इथं?"

मला काय ठाऊक. अंदाजानं म्हणाले, "नऊ परस असंल, बाई."

त्या म्हणाल्या, "हे असते तर बारा म्हणले असते."

हात तसाच पाण्यात ठेवून त्या खाली बघत राहिल्या. मीही बघितलं. मग म्हणाले, "बारा बी असंल."